सर्व्हिसिंगहून गाडी तेल गळत परत आली, वर बिल तिप्पट. डीलरशी कसं भांडायचं?

रावेतकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. पेट्रोल हॅचबॅक आहे, ३८ हजार किमी झालंय, एक्स्टेंडेड वॉरंटी चालू आहे म्हणून सर्व्हिसिंग ऑथराइज्ड डीलरकडेच करतो (नाव घेत नाही, अजून बोलणं चालू आहे त्यांच्याशी). गाडी देताना अ‍ॅडव्हायझरनं जॉबकार्डवर एस्टिमेट टाकलं ७,२०० रुपये, ऑइल, फिल्टर, अलाइनमेंट बॅलन्सिंग, वॉशिंग, बास. दुपारी फोन आला की सर पुढचे ब्रेक पॅड संपलेत, सेफ्टीचा विषय आहे, म्हटलं बरं टाका. संध्याकाळी घ्यायला गेलो तर बिल २३,६४०!! पॅड तर आहेतच, शिवाय दोन्ही डिस्क, डावा लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा भाग), इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि कसलंसं कोटिंग. यातलं पॅड सोडून एकाचंही मला विचारलं नव्हतं. म्हटलं हे काय, तर म्हणे "सर तुमच्या किलोमीटरला रेकमेंडेड आहे". पैसे भरल्याशिवाय गेटपास नाही. मुलीचा क्लास सुटायची वेळ झाली होती, भरले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं हाक मारली, साहेब तुमच्या गाडीखाली तेल पडलंय. वाकून बघितलं तर इंजिनखालचं काळं प्लास्टिक कव्हर एका बाजूनं लोंबतंय, दोन क्लिपा गायब, आणि तेल काढायचा जो बोल्ट असतो त्याच्या कडेनं थेंब जमून टपकतोय. फोन केला तर उत्तर काय, "लीकेज आधीपासूनच असणार सर, घेऊन या, चेक करू, चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) बदलावं लागलं तर चार्जेबल राहील."

आता मला कळत नाहीये की गाडी परत यांच्याच हातात द्यायची का, आणि न विचारता केलेल्या कामाचे पैसे परत मिळतात का. कोणाला अनुभव?

निवांत_पुणेकर
बिल भरलंत ना, मग आता चहा प्या आणि विसरा. फ्री सर्व्हिसिंग संपली की मी डीलरचं तोंड बघत नाही, आमचा भोसरीचा मिस्त्री फोनवर आवाज ऐकून सांगतो काय झालंय ते. बाकी तुमच्या बिलातलं ते "कोटिंग" नेमकं कुठे मारलं हे त्यांना दाखवायला सांगा, मजा येईल.

पाना_सोळा
मी बरीच वर्षं डीलर वर्कशॉपमध्ये काढली आहेत, आता स्वतःचं छोटं गॅरेज आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डिपस्टिक ओढून लेव्हल बघा. खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी चालवू नका, टोइंग त्यांनाच पाठवायला लावा. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका, तो प्रेशर गेल्यावर लागतो, तोवर इंजिनचं नुकसान सुरू झालेलं असतं.

आता गळतीबद्दल. ड्रेन बोल्टखाली एक वायसर असतो, तांब्याचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा, तो दर वेळी नवा टाकायचा असतो. तुमच्या बिलात बघा वायसर किंवा गॅस्केट अशी पन्नास रुपयांच्या आतली एक ओळ आहे का. नसेल तर जुनाच चढवला असण्याची शक्यता जास्त, आणि हा तुमच्या बाजूचा चांगला मुद्दा आहे कारण त्यांच्याच कागदावर आहे. दुसरी शक्यता वाईट आहे, आटे गेले असतील. बोल्ट टॉर्क रेंचनं कसायचा असतो, साधारण ३० ते ४० न्यूटन मीटर, गाडीगणिक कमीजास्त, पण शनिवारच्या गर्दीत पोरं एअर गन लावतात आणि चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असला की आटे सोलून निघतात. तसं असेल तर टेफ्लॉन टेप किंवा एमसील लावून "झालं सर" म्हणतील, अजिबात ऐकू नका. हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) तरी बसवली पाहिजे नाहीतर चेंबर नवीन, आणि तो त्यांच्या खर्चानं.

"आधीपासून होतं" म्हणतात ना, त्यांना गाडी घेतानाची चेकशीट मागा. गाडी आत घेताना फोटो काढतात, फ्लोअरवर रॅम्पवर चढवून खालून तपासतात आणि लीकेजच्या रकान्यात टिक मारतात. तिथे काही लिहिलेलं नसेल तर बोलणंच खुंटलं त्यांचं. आणि खरंच आधीपासून गळत असतं तर २३ हजारांचं बिल करणाऱ्यानं ते काम सोडलं असतं का?

बाकीच्या कामांचं सांगतो, सगळंच खोटं समजू नका. पॅड ३८ हजारांत जाऊ शकतात, सिंहगड रोड नाहीतर वाकड हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पाय कायम ब्रेकवरच असतो. नवीन पॅडचं मटेरियल १०-१२ मिमी असतं, ३ च्या आसपास आलं की बदलायचं. डिस्कचं मात्र मला शंकास्पद वाटतं. डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियर लावून मोजायची, त्याच्या वर असेल तर पॅडबरोबर डिस्क बदलायचं काही कारण नाही, फक्त खोल चर पडले असतील नाहीतर ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या डिस्क मागा. त्या तुमच्या आहेत. "स्क्रॅपला गेल्या" म्हणाले तर ते मेलवर लिहून घ्या.

फ्लश, डिसइन्फेक्शन, कोटिंग हे सगळं व्हॅल्यू अ‍ॅडेड, अ‍ॅडव्हायझरला दर महिन्याला याचं टार्गेट असतं. मालकाच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर किलोमीटरप्रमाणे टेबल आहे, त्यात ही नावं शोधा, सापडली तर मला पण सांगा.

सौ_बिबवेवाडी
मी थोडं वेगळं लिहिते. आमच्या गाडीला पण असंच लोअर आर्मचं काम काढलं होतं, ह्यांनी जाम भांडण केलं, मग तिथल्या मॅनेजरनं आम्हाला खाली नेऊन टॉमी (लोखंडी पहार) लावून दाखवलं, बुश (सांध्यातलं रबर) पार फाटलेलं. आपल्या रस्त्यांवर फाटणारच, रोज कात्रजवरून जातो आम्ही. मुद्दा असा की दादा तुम्ही सरसकट सगळं फसवणूक म्हणून गेलात तर ते एक खरं काम दाखवतील आणि तुमचं बाकीचं पण वाहून जाईल. आणि पार्टच्या किमती बघा. डबीवर एमआरपी असते, बिलावर पार्ट नंबर असतो, नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, एक चक्कर मारली की खरी किंमत कळते.

पाना_सोळा
ताई बरोबर आहे. आणि सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, तेवढं पण बिलात बघून घ्या.

तारीखपेतारीख
रावेतकर साहेब, तुमची दोन भांडणं आहेत, ती एकत्र करू नका. एक म्हणजे खराब काम, गळती आणि लोंबणारं कव्हर. हे सिद्ध करायला सोपं आहे, गाडी आत गेली तेव्हा नव्हतं, बाहेर आली तेव्हा आहे. दुसरं न विचारता केलेलं काम. तिथे ते म्हणणार फोनवर होकार दिला होता, म्हणून आधी जॉबकार्डची पूर्ण कॉपी मागा, तुमच्या सहीनंतर काय काय वाढवलंय ते त्यात दिसेल. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा. तुम्हाला अप्रूव्हलची लिंक किंवा मेसेज आलाच नसेल तर तेच लिहा, की ब्रेक पॅड सोडून कशालाही संमती नव्हती.

फोनवर आता एक शब्द बोलू नका. मेल करा, डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला, आणि कॉपी कंपनीच्या कस्टमर केअरला. फोटो जोडा, काय हवंय ते आकड्यात लिहा, सात दिवस द्या. नाही ऐकलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि बऱ्याचदा तिथेच तडजोडीचा फोन येतो. त्यानंतर नोटीस आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या आयोगात दाखल करता येतं, वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंत फी शून्य, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन होतं, मुदत दोन वर्षं. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच, पण माझ्या नावावरून ओळखलं असेलच प्रत्यक्षात काय होतं ते.

गेटपासचं म्हणाल तर केलेल्या कामाच्या पैशांसाठी गाडी अडवून ठेवायचा हक्क करार कायद्यात आहे, कलम १७०, त्यामुळे तिथे तावातावानं फायदा नसतो. पैसे भरायचे आणि बिलाच्या त्यांच्या कॉपीवर "अमुक कामांना संमती नव्हती, हरकत नोंदवून पैसे भरले" असं लिहून सही करायची. तुमचं भरून झालंय, तर हेच आज मेलमध्ये लिहा, जितका उशीर तितकं ते म्हणणार की तेव्हा का नाही बोललात.

निवांत_पुणेकर
१५ हजारांसाठी आयोग? पेट्रोलच जास्त जाईल.

तारीखपेतारीख
ऑनलाइन दाखल करायला कसलं पेट्रोल. आणि हा धंदा १५-१५ हजारांवरच चालतो, एवढ्यासाठी कोण जातंय म्हणून. ग्राहक पंचायत १९७४ ला याच पुण्यात सुरू झाली, बिंदुमाधव जोशींनी केली, आणि आपण इथे बसून चहा प्या म्हणतोय.

रावेतकर
सगळ्यांचे आभार. लेव्हल खालच्या खुणेच्या जरा वर आहे. बिलात वायसरची ओळ नाहीये, तीनदा वाचलं. मेल टाकला काल रात्री, फोटोंसकट, तर आज सकाळी अ‍ॅडव्हायझर नाही, थेट वर्क्स मॅनेजरचा फोन, सर गाडी आम्ही उचलून नेतो, चेंबरचं फ्री करतो, फ्लश आणि कोटिंगचे पैसे पुढच्या सर्व्हिसला अ‍ॅडजस्ट करू. म्हटलं हे मेलवर पाठवा. अजून आलेलं नाही. जुन्या डिस्कबद्दल विचारलं तर "बघतो". एक शंका, तिथे द्यायच्या आधी बाहेरच्या गॅरेजला दाखवली तर एक्स्टेंडेड वॉरंटी जाईल का? अ‍ॅडव्हायझर तसंच म्हणाला होता.

पाना_सोळा
नुसती दाखवल्यानं काही जात नाही. रॅम्पवर घ्या, फोटो आणि व्हिडिओ काढा, त्या गॅरेजच्या लेटरहेडवर तारीख, किलोमीटर आणि काय दिसलं ते लिहून घ्या. बोल्टला मात्र कोणाला पाना लावू देऊ नका, नाहीतर म्हणतील त्यांनीच आटे घालवले.

तारीखपेतारीख
+१. आणि ही वॉरंटीची धमकी जुनी आहे, ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून, त्यात बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करण्याचा मुद्दा पण होता. पुढे अपिलं झाली. तरी एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद स्वतः वाचा, तो वेगळा करार असतो. आणि "पुढच्या सर्व्हिसला अ‍ॅडजस्ट" घेऊ नका, परत त्यांच्याच दारात जावं लागेल. खात्यात परत मागा.

पाना_सोळा
अजून एक, दोन-तीन दिवसांत कंपनीकडून फीडबॅकचा फोन येईल, दहापैकी किती मार्क देता म्हणून. त्याआधी अ‍ॅडव्हायझरचा फोन येईल, सर दहा द्या, माझ्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे. पैसे खात्यात आल्याशिवाय मार्क सांगू नका.

सौ_बिबवेवाडी
हो हो, आम्हाला तर सहीच्या वेळीच सांगून ठेवलं होतं दहा म्हणायचं!

रावेतकर
तो फोन आत्ताच येऊन गेला, अ‍ॅडव्हायझरचा. म्हटलं जुन्या डिस्क सापडल्या का ते सांगा आधी. म्हणाला, शोधतो.