प्रवेश खुला म्हणून कॉलेज कमी दर्जाचे? आदिवासी कम्युनिटी कॉलेजातील अर्जांविषयी

पळसफूल:
'सह्यकडा' यांनी येथे नुकताच एक अनुभव लिहिला. अमेरिकेत फिनिक्समधील त्यांच्या शेजारी नवाहो या आदिवासी जमातीचे कुटुंब राहते. त्या कुटुंबाने मुलीचा अर्ज जमातीच्या राखीव क्षेत्रातील आदिवासी कॉलेजात भरला होता. सह्यकडा यांनी त्यांना तो मागे घेण्याचा सल्ला दिला. कारण असे दिले, की जेथे शाळा संपवलेल्या कोणालाही घेतात, तेथे शिकण्याजोगे काही नसते. मी ॲरिझोनाच्या ईशान्य भागात अशाच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून याचे उत्तर सविस्तर देणे मला भाग आहे.

1868 च्या तहात अमेरिकी सरकारने नवाहो लोकांना लिहून दिले होते, की दर तीस मुलांमागे एक शाळागृह आणि एक सक्षम शिक्षक देऊ. त्यानंतर मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत नेण्यात आले, त्यांचे केस कापले गेले आणि त्यांच्या भाषेवर बंदी आली. बरोबर शंभर वर्षांनी, 1968 मध्ये, नवाहो राष्ट्राने, म्हणजे नवाहो लोकांच्या स्वतःच्या शासनाने, स्वतःचे कॉलेज काढले. आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखले जाते आणि एखाद्या जमातीने स्वतः स्थापन केलेले ते देशातील पहिले कॉलेज आहे. ज्या समाजाला शंभर वर्षे दुसऱ्यांनी निवडले किंवा नाकारले, त्याने आपल्या कॉलेजाच्या दारावर चाळणी लावायची नाही असे ठरवले. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे.

शिवाय 'कोणालाही घेतात' याचा अर्थ अर्ज सोपा असतो असा मुळीच नाही. कॉलेजाचा अर्ज भरून होतो, पण शुल्काच्या मदतीसाठी फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरावा लागतो आणि मुले तेथे अडतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रंथालयात एक मुलगी आजीला घेऊन बसली होती. आजीने तिला लहानपणापासून वाढवले, पण फॅफ्साच्या लेखी आजी पालक नाही. कायदेशीर दत्तक घेतले असेल तरच ती पालक धरली जाते. न्यायालयाने पालकत्वाचा आदेश दिला असेल तर विद्यार्थिनी स्वतंत्र मानली जाते. या घरात दोन्ही कागद नव्हते, कारण नातीला सांभाळण्यासाठी न्यायालयात जावे लागते असे तिकडे कोणाच्या मनातही येत नाही. आई दुसऱ्या राज्यात, तिचा फोन बंद. आणि नव्या फॅफ्सात आईने स्वतःचे खाते उघडून कराची माहिती घेण्यास संमती दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पत्त्याच्या रकान्यात घर क्रमांक आणि रस्ता हवा होता. त्यांच्या घराला क्रमांक नाही, टपाल पोस्टाच्या पेटीत येते. मदतनीस बाईंनी महामार्गावरील मैलाच्या दगडापासून घर किती आत आहे, ते लिहून घेतले.

'प्रवेश परीक्षा नाही' असे म्हणताना हे सारे कोठे मोजायचे, ते सह्यकडा यांनी सांगावे.

सह्यकडा:
माझे म्हणणे अर्धेच उद्धृत झाले आहे. त्या मुलीचे गुण उत्तम आहेत, तिला अभियंता व्हायचे आहे, आणि तिच्यापुढे इतर मार्ग आहेत. कोलोरॅडोतील फोर्ट लुइस कॉलेजात 1911 पासून आदिवासी विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क नाही. ॲरिझोना विद्यापीठाने 2022 मध्ये राज्यातील बावीस मान्यताप्राप्त जमातींच्या विद्यार्थ्यांचे शुल्क भरण्याची योजना जाहीर केली. हे मार्ग असताना तिने दोन वर्षांच्या कॉलेजात जाऊन पुढे बदली करावी, मग त्यातील कोणते क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक) मान्य होईल आणि कोणते नाही याची वाट पाहावी, असा सल्ला मी कसा देणार?

दुसरे असे, की खुल्या प्रवेशामागील वास्तव पळसफूल यांनी लिहिलेच नाही. आत गेल्यावर गणिताची चाचणी होते, आणि ज्यांची पातळी कमी येते त्यांना पूरक वर्गांत बसवले जाते. त्या वर्गांचे क्रेडिट बहुधा पदवीला लागत नाही, पण पैसे जातात, वर्ष जाते, आणि अनेक जण तेथूनच घरी परततात. दार उघडे ठेवून आतल्या पायऱ्या काढून घेतल्या, तर त्या दाराचा अभिमान कशाचा? इतिहासाची वेदना मला समजते. मात्र त्या वेदनेचा दाखला देऊन एका हुशार मुलीचे भवितव्य ठरवू नये.

गणिती:
मी नेमके ते पूरक वर्ग शिकवतो, दक्षिण डाकोटात. सह्यकडा यांचा एक मुद्दा खरा आहे, आणि तो मला मनाविरुद्ध मान्य करावा लागतो: पूरक गणिताच्या वर्गात मुले गळतात. म्हणूनच आता अनेक ठिकाणी वेगळा पूरक वर्ग न ठेवता, क्रेडिट मिळणाऱ्या वर्गाबरोबरच जादा तास देण्याची पद्धत आली आहे. आमच्याकडेही ती आली, आणि मला ती आधीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी बरी वाटते.

पण सह्यकडा ज्या मुलीविषयी बोलत आहेत, तशी मुले माझ्या वर्गात थोडी असतात. माझ्यापुढे तिशी ओलांडलेल्या स्त्रिया बसतात, रात्रपाळी करून आलेले बाप बसतात. शाळा मध्येच सोडून वीस वर्षांनी जीईडी ही शालान्त समकक्ष परीक्षा केलेले लोक असतात. त्यांना फोर्ट लुइसचे माफ शुल्क काय कामाचे? राहण्याचा आणि जेवणाचा खर्च तेथे माफ नाही, आणि मुलांना कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. आमच्यापैकी बऱ्याच कॉलेजांत केंद्रीय विद्यार्थी कर्ज दिलेच जात नाही. पेल ग्रँट (केंद्राची, परत न करायची मदत) आणि जमातीची शिष्यवृत्ती यांत भागवावे लागते, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले तरी माणूस कर्जात बुडून घरी जात नाही.

अर्जातल्या आणखी एका कागदाविषयी गैरसमज दिसतो. जमातीच्या सदस्यत्वाचा दाखला आम्ही मागतो, पण तो प्रवेशासाठी नाही. आदिवासी नसलेल्यांनाही आमच्याकडे प्रवेश मिळतो. आदिवासी कॉलेजांसाठीच्या 1978 च्या कायद्याप्रमाणे केंद्राचे अनुदान आदिवासी विद्यार्थ्यांनी घेतलेल्या क्रेडिटवरून ठरते. सगळी क्रेडिट एकत्र करून बाराने भागायची, म्हणजे विद्यार्थिसंख्या येते. ज्याचा दाखला आला नाही, तो वर्गात बसतो, शिकतो, उत्तीर्ण होतो, पण मोजणीत येत नाही. त्याच्या शिक्षणाचा भार कॉलेज स्वतः सोसते.

पळसफूल:
गणिती यांनी सांगितलेली मोजणी दिने कॉलेजाला लागू नाही. त्यासाठी 1971 चा स्वतंत्र कायदा आहे. बाकी सर्व बरोबर.

तापीकाठ:
दाखल्याचा विषय निघालाच आहे तर मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी नंदुरबार जिल्ह्यातला, पावरा. तिकडे दाखला उशिरा आला तरी मुलगा वर्गात बसतो, हे वाचून मी थबकलो. माझ्या धाकट्या भावाची अभियांत्रिकीची जागा जातवैधता वेळेत आली नाही म्हणून गेली. जातपडताळणी समितीला 1950 पूर्वीचा पुरावा हवा होता: शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातील नोंद, गाव नमुना 14 (जन्म-मृत्यूची नोंद), काहीही. आमचा आजोबा शाळेतच गेला नाही, तर उतारा कोठून आणायचा? ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या कागद नव्हता तोच खरा आदिवासी असण्याची शक्यता अधिक, आणि नेमक्या त्याच्याकडे कागद मागितला जातो. मग समितीचे दक्षता पथक चौकशीला आले. देव कोणते, लग्नात काय करता, मेल्यावर पुरता की जाळता, हे माझ्या वडिलांना अंगणात उभे करून विचारले. उत्तरे लिहून घेणाऱ्याला आमची बोली येत नव्हती.

रानवाटा:
तापीकाठ यांच्या कुटुंबावर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. पण तपासणी नको असा सूर असेल तर माझा सक्त विरोध आहे. मी गोंडांमधला. आमच्या भागातील राखीव जागांवर वर्षानुवर्षे बोगस दाखल्यांनी लोक शिकले आणि नोकरीला लागले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये स्पष्ट सांगितले, की खोट्या दाखल्यावर मिळालेला लाभ टिकणार नाही. तरी डिसेंबर 2019 च्या शासन निर्णयाने त्या लोकांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा, पदांवर सांभाळून घेतले. माझ्या आत्येबहिणीला ज्या जागेसाठी नकार आला, त्या जागेवर बसलेल्या माणसाचे आडनाव तेवढे आमच्यासारखे होते. अमेरिकेत दार उघडे ठेवणे परवडते, कारण तेथे वर्गातल्या जागेवर कोणी डल्ला मारायला टपलेले नाही.

तापीकाठ:
तपासणी नको असे मी कोठे लिहिले? वाक्य दाखवा. बोगस लोकांनी तुमचे जेवढे नेले तेवढेच आमचे नेले, आणि त्यांना पकडण्याच्या नावाखाली माझ्या बापाला अंगणात उभे केले. खोटा दाखला काढणाऱ्याकडे वकील असतो. आमच्याकडे तहसीलला जायला एसटीचे भाडे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितले, की आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती विचारून जमात पडताळणे, ही अंतिम कसोटी नाही आणि प्रत्येक प्रकरणात दक्षता चौकशी अनिवार्यही नाही. माझ्या भावाला ते काही वर्षे उशिरा मिळाले. तुम्ही चौकशीची बाजू घेताना त्या चौकशीत कोण भरडले जाते, ते एकदा मोजा.

रानवाटा:
आणि तुम्ही सैल तपासणीत कोणाची जागा जाते, ते मोजा. आपण दोघे एकाच बाजूला उभे असताना तुम्ही मला समितीचा वकील ठरवत आहात, याचे मला दुःख होते. कागद नसलेल्यांसाठी गावातील वडीलधाऱ्यांची, ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरावी, इतपत मी मान्य करीन. त्यापुढे एक पाऊलही नाही. ग्रामसभासुद्धा दबावाखाली येते, आणि ते मी पाहिले आहे.

सह्यकडा:
अमेरिकेतील पद्धतीचे फार कौतुक चालले आहे, म्हणून लिहितो. नवाहो राष्ट्राच्या सदस्यत्वासाठी किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त लागते. माझ्या शेजाऱ्यांच्या घरातच दोन वेगळ्या जमातींतील लग्ने झाली आहेत, आणि नातवंडांचा हिशोब अपूर्णांकांत चालतो. एखाद्या मुलाचे चारही आजी-आजोबा आदिवासी असावेत आणि तरीही त्याला कोणत्याही एका जमातीचा दाखला मिळू नये, असे घडू शकते. ही पद्धत आपल्या दक्षता पथकापेक्षा अधिक माणुसकीची आहे, असे मला वाटत नाही.

पळसफूल:
रक्ताच्या हिशोबाचे समर्थन मी करणार नाही. तो हिशोब मुळात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वह्यांतून आला. नवाहो सदस्यत्वाचा आधार आजही 1940 ची सदस्ययादी आहे. पण तापीकाठ आणि रानवाटा यांच्या वादात जो प्रश्न आहे, त्याचे एक उत्तर या कॉलेजांत दिसते. कॅन्ससमधील हॅस्केल हे आदिवासींसाठीचे विद्यापीठ केंद्र सरकार चालवते. तेथे सदस्यत्वाचा किंवा वंशाचा पुरावा दिल्याशिवाय प्रवेशच नाही. जेथे जमात स्वतः कॉलेज चालवते, तेथे तोच कागद मदतीसाठी आणि मोजणीसाठी लागतो, दारावर नाही. दाखला देणारे कार्यालयही नवाहो राष्ट्राचेच आहे. तेथील कर्मचारी अर्जदाराशी नवाहो भाषेत बोलतो आणि त्याचे आडनाव कोणत्या खोऱ्यातले आहे हे त्याला ठाऊक असते. रानवाटा, जागा मोजक्या असल्या की तपासणी कडक होणार, हे तुमचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. पण तपासणी पूर्ण होईपर्यंत मुलाने घरी बसावे, हे कोणत्या कारणाने? तापीकाठ यांच्या भावाला तात्पुरता प्रवेश देऊन दाखल्याची वाट पाहता आली असती.

रानवाटा:
तात्पुरत्या प्रवेशाला मुदत हवी, आणि दाखला खोटा निघाला तर पदवी रद्द झाली पाहिजे. या दोन अटींवर मला ते चालेल. अटी वगळून कोणी माझे नाव त्या मागणीला जोडू नये.

तापीकाठ:
मुदत समितीलाही हवी. समितीने मुदत चुकवली तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याने का भरावा?

गणिती:
मूळ मुलीकडे परत येतो. सह्यकडा, तिने विद्यापीठात जायला माझी हरकत नाही. माझी हरकत तुम्ही दिलेल्या कारणाला आहे. तिला अभियंता व्हायचे असेल तर नवाहो टेक्निकल युनिव्हर्सिटीत अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी आहे. न्यू मेक्सिकोतील क्राउनपॉइंटला जाऊन ती विभाग पाहू शकते. क्रेडिटच्या बदलीची भीती रास्त आहे, आणि तिचा उपाय अर्ज भरण्याआधीच होतो. ज्या विद्यापीठात पुढे जायचे आहे, त्याचा या कॉलेजाशी विषयवार करार आहे का, ते दोन्हीकडे लेखी विचारायचे. तोंडी उत्तरावर विसंबायचे नाही. आणि फॅफ्सा एकच असतो, त्यात अनेक कॉलेजे टाकता येतात. तेव्हा एक अर्ज मागे घेऊन तिला काय मिळणार होते?

सह्यकडा:
अर्ज मागे घ्यायला नको होता, एवढे मी मान्य करतो. दोन्हीकडे अर्ज ठेवावा, असे आज त्यांना सांगेन. मात्र प्रवेश कोठे घ्यावा, याविषयी माझे मत बदललेले नाही, आणि कराराची प्रत हाती आल्याशिवाय ते बदलणारही नाही.

पळसफूल:
प्रत मागताना मुलीला बरोबर घेऊन जा, आणि प्रश्न तिला विचारू द्या. तिच्या आईवडिलांना जमातीच्या शिष्यवृत्ती कार्यालयाचीही आठवण करून द्या. तिचे गुण तुम्ही म्हणता तसे असतील, तर नवाहो राष्ट्राच्या चीफ मॅन्युएलिटो शिष्यवृत्तीसाठी तिचा विचार होऊ शकतो. त्यासाठी नवाहो भाषा आणि नवाहो शासनव्यवस्था हे अभ्यासक्रम पूर्ण केलेले लागतात. फिनिक्सच्या शाळेत शिकलेल्या मुलीचे ते बहुधा झालेले नसतील. ते कोठे करता येतात, याची चौकशी आत्ताच करा, कारण शिष्यवृत्तीच्या मुदती कॉलेजाच्या मुदतींपेक्षा वेगळ्या असतात.