मदत हवी आहे: माझा चेहरा ओव्हल आहे की लांबट? (भावाचं लग्न, केस आणि चष्म्याची फ्रेम)

अमळनेरची_करवली:

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आठवड्याभरात लहान भावाचं लग्न आहे, चोपड्याला. करवली मी. त्याआधी केस कापायचेत आणि चष्म्याची फ्रेम बदलायची आहे. पण दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नावर अडल्या आहेत: माझा चेहरा नेमका कुठल्या आकाराचा?

पार्लरवाली ताई म्हणते, "ओव्हल आहे, तुम्हाला काहीही शोभेल." मोबाइलवरच्या ॲपमध्ये सेल्फी टाकला तर उत्तर आलं 'लांबट'. शिवणकामाच्या टेपने मोजलं तर लांबी १९ सेंमी आणि गालाच्या हाडांपाशी रुंदी १६ सेंमी, म्हणजे जवळजवळ गोल! आणि आजीने आरशासमोर उभी बघून निकालच देऊन टाकला, "तुन्हं तोंड लांबडं शे वं माय, पहिलेपासूनच."

चार ठिकाणची तीन उत्तरं. त्यात बाळ सहा महिन्यांचं आहे, कानशिलापाशी केस इतके गळलेत की कपाळ आधीपेक्षा मोठं दिसतं. केस दाट नाहीत, सरळ आहेत, खांद्याच्या खाली येतात. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे धुतल्यावर राठ होतात. चष्मा मायनस साडेचारचा.

"ओव्हलला काहीही शोभतं" हे वाक्य कृपया कोणी लिहू नका, ते ऐकून कंटाळले आहे. काहीही शोभतं म्हणजे नेमकं काय करू, ते सांगा.

भुसावळची_कात्री:

ताई, मी पार्लर चालवते. तुमच्या पार्लरवालीचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे, पण तिने उत्तर अर्ध्यावर सोडलंय.

आधी माप. टेप चेहऱ्यावरून फिरवला की तो गालांच्या उंचवट्यावरून आणि नाकावरून वळसा घेतो, म्हणून रुंदी वाढून येते. आपल्याला हवं सरळ अंतर. दोन जाड पुठ्ठ्याच्या वह्या घ्या, दोन्ही गालांच्या हाडांना बाहेरून उभ्या टेकवा, दाबू नका, आणि वह्यांमधलं अंतर कोणाला तरी पट्टीने मोजायला सांगा. तसंच कपाळ सर्वांत रुंद असेल तिथे आणि जबडा कानाखालच्या कोपऱ्यापाशी. लांबी मोजताना केसांच्या रेषेपासून हनुवटीच्या टोकापर्यंत, पट्टी समोर उभी धरून.

लांबी रुंदीच्या साधारण दीडपट, गालाची हाडं सर्वांत रुंद, कपाळ जबड्यापेक्षा थोडं रुंद, हनुवटी गोलसर: हा ओव्हल. लांबी दीडपटीच्या बरीच पुढे गेली आणि कपाळ, गाल, जबडा एकाच रुंदीचे, बाजू सरळ खाली आल्यासारख्या, तर लांबट. लांबी-रुंदी जवळपास सारखी आणि जबडा मऊ असेल तर गोल.

दुसरं माप त्याहून महत्त्वाचं, ते कोणीच घेत नाही. चेहऱ्याचे तीन भाग करा: केसांच्या रेषेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, तिथून हनुवटीपर्यंत. तिन्ही किती भरतात ते इथे टाका. हेअरकट त्यावर ठरतो, 'ओव्हल' या शिक्क्यावर नाही.

मोबाइल_फोटूवाला:

ॲपचं कोडं मी सोडवतो. सेल्फी हातभर अंतरावरून निघतो. इतक्या जवळून कॅमेऱ्याला नाक आणि चेहऱ्याचा मधला भाग मोठा दिसतो, गालाच्या कडा आणि कान मागे पडतात, म्हणून चेहरा निमुळता येतो. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. मोबाइल कोणाच्या तरी हातात द्या, पाच-सहा फुटांवरून झूम करून डोळ्यांच्या उंचीला फोटो काढायला सांगा. हनुवटी वर नको, खाली नको. केस मागे बांधा. मग तोच फोटो ॲपमध्ये टाका, उत्तर बदललेलं दिसेल.

थोडक्यात, टेपने चेहरा रुंद केला आणि सेल्फीने अरुंद. आजींच्या मतावर मात्र मी बोलणार नाही.

धुळ्याचा_भाचा:

विषयांतर होतंय, पण पुरुषांसाठीही हेच माप का? न्हावी म्हणतो ओव्हल आहे, दाढी वाढव.

भुसावळची_कात्री:

भाऊ, माप तेच. दाढी खाली लांब सोडली तर चेहरा आणखी लांब दिसतो, म्हणून हनुवटीखाली आखूड ठेवा, आणि डोक्याच्या बाजू अगदी मशीनने साफ करू नका. बाकी तुमचा वेगळा धागा काढा, इथे ताईंचं लग्न आहे. म्हणजे ताईंच्या भावाचं!

अमळनेरची_करवली:

मोजलं. वह्या जाऊबाईंनी धरल्या, पट्टी नवऱ्याने, आणि दोघं मिळून इतके हसले की एक माप परत घ्यावं लागलं.

लांबी १९, गालाची हाडं १३, कपाळ १२, जबडा साडेदहा. तीन भाग: वरचा ७, मधला ६, खालचा ६. फोटूवाले भाऊ, लांबून काढलेल्या फोटोवर ॲपही 'ओव्हल' म्हणालं.

भुसावळची_कात्री:

१९ ला १३ ने भागलं की दीडच्या जवळपास येतं. ओव्हलच आहे. फक्त वरचा भाग बाकी दोघांपेक्षा एक सेंमी मोठा आहे, आणि आजीला तेच दिसतंय. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात ते बहुतेकींना होतं आणि परत येतात, पण लग्नापर्यंत कानशिलाची जागा भरून येणार नाही. तेव्हा आत्ता जे आहे त्यावरच ठरवायचं.

मधला भांग नको. मधून भांग पाडला की कपाळ पूर्ण उघडं पडतं आणि वरून खाली एक सरळ रेघ येते. तिरपा भांग घ्या, भुवईच्या उंच भागाच्या सरळ वर. पुढच्या बटा गालाच्या हाडापर्यंत येतील एवढ्या कापून घ्या, कपाळावर आडव्या नाही तर बाजूला वळतील अशा. लहान कापलेली आडवी फ्रिंज घेऊ नका, वैशाखात घामाने ती कपाळाला चिकटते आणि दुपारपर्यंत चार चिंध्या होतात. आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला गेला की कुठलीच फ्रिंज टिकत नाही, हे मोठ्या शहरातल्या व्हिडिओंत कोणी सांगत नाही.

केस दाट नाहीत म्हणून स्टेप कट जास्त घेऊ नका, टोकं विरळ दिसतील. खाली यू कट, पुढे थोडे लेयर्स, बस्स. आणि लग्नाच्या तोंडावर स्ट्रेटनिंग करू नका. तुमचे आधीच सरळ, आणखी चापट झाले की चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना पडद्यासारखे लटकतात आणि चेहरा लांब दिसतो.

एक गोष्ट आवर्जून: पार्लरमध्ये लग्नाचा हेअरडू म्हटलं की डोक्यावर पफ काढायची सवय असते. तुम्ही आधीच सांगा, पफ नको. चेहऱ्यावर उंची वाढवायची नाही, रुंदी वाढवायची आहे. मानेपाशी खाली बसणारा रुंद अंबाडा, त्याला आडवा गजरा, कानापाशी एक सुटी बट.

तापीकाठची_काकू:

कात्रीताईंनी केसांचं छान सांगितलं. मी दागिन्यांचं सांगते. सराफ बाजारात गेलं की सेल्समन लांब वेलाचे झुमके हातात देतो. ते घेऊ नकोस बाई. कुड्या किंवा कानाच्या पाळीला भरून दिसणारे गोल झुमके घाल, नजर आडवी जाते. गळ्यात नुसता लांब राणीहार घातलास तर हनुवटीपासून बेंबीपर्यंत एकच उभी रेघ. वर ठुशी घाल, मग खाली लांब काहीही चालेल. ब्लाउजचा गळा खोल व्ही नको, बोटनेक किंवा चौकोनी घे. टिकली गोल, भुवयांच्या मधोमध, वर कपाळात नको. भुवया फार कमानदार कोरू नकोस, थ्रेडिंगवालीला सांग सरळसर ठेव म्हणून.

नथ मात्र तुला आवडेल तेवढी मोठी घे. गेली वीस वर्षं मी ऐकतेय की मोठी नथ अमक्याला शोभते, तमक्याला नाही. नथ सगळ्यांना शोभते!

चष्म्याचं_दुकान:

फ्रेमबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दांडीच्या आतल्या बाजूला आकडे असतात, समजा ५२-१८-१४०. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा दांडीची लांबी, सगळं मिमीमध्ये. दोन काचा आणि पूल मिळून १२२ होतात, वर बिजागरीपाशी सेंमीभर धरा, म्हणजे फ्रेम साधारण १३२ ते १३५ मिमी रुंद. तुमची गालाची रुंदी १३ सेंमी, तेव्हा एवढी फ्रेम नीट बसेल. गालाच्या हाडाच्या आत गेली तर चेहरा लांब दिसतो, फार बाहेर आली तर सारखी घसरते.

काच थोडी खोल, म्हणजे वरून खाली जास्त उंचीची घ्या, बारीक आडवी पट्टी नको. खोल काच चेहऱ्याचा मधला भाग जास्त झाकते. वरची कड जाड आणि खालची पातळ अशी फ्रेम बघा, भुवईपाशी एक आडवी रेघ मिळते.

पण तुमचा नंबर मायनस साडेचार आहे, इथे सांभाळा. मायनस काचेतून गालाची कड आत सरकल्यासारखी दिसते आणि काच कडेला जाड होते. काच जितकी मोठी तितकं हे जास्त. म्हणून हल्ली मिळतात त्या ताटाएवढ्या फ्रेम तुम्ही टाळा, ५० ते ५२ च्या आसपास थांबा आणि जास्त इंडेक्सची पातळ काच मागा. थोडी महाग पडेल, पण रोज घालायची वस्तू आहे. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घ्याच, नाहीतर लग्नाच्या सगळ्या फोटोंत डोळ्यांच्या जागी दोन पांढरे दिवे येतील.

अमळनेरची_करवली:

सगळ्यांचे आभार. तिरपा भांग, गालापर्यंत बटा, यू कट, खाली अंबाडा, ठुशी, कुड्या, फ्रेम ५२-१८, पफ नाही. चोपड्याच्या पार्लरवालीला हे लिहूनच पाठवते, ती चिडली तर चिडली.

एकच राहिलं. वरातीत करवल्यांना फेटे बांधणार आहेत. त्याचं काय? फेट्याने तर उंची वाढेल.

तापीकाठची_काकू:

वाढू दे की! फेटा कपाळावर थोडा खाली बसव, केसांची रेघ आणि कानशिलं झाकली गेली पाहिजेत, मग वरचा एक सेंमी दिसणारच नाही. तुरा फार उंच काढायला लावू नकोस. कुड्या फेट्याखाली अर्ध्या झाकतात, त्या वेळेपुरते झुमके घाल.

चष्म्याचं_दुकान:

आणि फेटा चष्मा घालूनच बांधून घ्या. नंतर चष्मा घुसवायला गेलात की दांड्या कानशिलावर दाबतात आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं. बांधणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा, ते कानापाशी जागा सोडतात.