वापरलेला फुल-फ्रेम डीएसएलआर: विकणाऱ्याकडे तासाभरात काय तपासावं?

मांडवीकर
नमस्कार मंडळी. नवरात्रीच्या आत वापरलेला फुल-फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरचा) डीएसएलआर घ्यायचा आहे. बडोद्यातच दोन बॉड्या मिळतायत. निकॉन डी७५०, सुमारे ७४,००० क्लिक, आणि कॅनन ५डी मार्क ४, विकणारा म्हणतो १,१०,००० क्लिक. काम मुख्यतः रात्रीचा गरबा, हिवाळ्यात लग्नं, आणि सवड मिळाली की चांपानेरच्या जुन्या वास्तू. विकणारे तासभर कॅमेरा हातात देतील. त्या तासात काय तपासू? आणि दोन्ही ठीक निघाले तर कुठला घेऊ?

सूरसागर
जाताना स्वतःचं कार्ड, लॅपटॉप, एक टॉर्च आणि शक्य झाल्यास ओळखीची ८५ एमएम लेन्स न्या. मागच्या स्क्रीनवर फोटो बघून निर्णय घेऊ नका.

शटर काउंट (आजवर किती क्लिक झाले तो आकडा) आधी बघा, पण त्यावर फार विसंबू नका. दोन्ही मॉडेलचं शटर कंपनीने १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्यापुढे ते बंदच पडतं असं नाही, आणि त्याआधी पडणार नाही अशी हमीही नाही. डी७५० चा आकडा कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) मिळतो. एडिट करून सेव्ह केलेली फाइल चालणार नाही, म्हणून फोटो स्वतः काढा. ५डी मार्क ४ मध्ये एक्झिफला आकडा येत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरनेच वाचावा लागतो. ‘विकणारा म्हणतो’ यावर थांबू नका. लग्नाच्या व्हिडिओला तासन्तास तापलेला सेन्सर मात्र या आकड्यात कुठेच दिसत नाही.

आता शटरचा पडदा. भर उन्हात भिंतीचे फोटो १/४००० सेकंदाला काढा, दहा-बारा लागोपाठ. दर फ्रेमला एकाच कडेला गडद पट्टा आला तर पडदा सारखा धावत नाही. ही चाचणी दुकानातल्या ट्यूबखाली करू नका, सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/१००पेक्षा वेगवान शटरला त्यामुळे पट्टे येतात, रंगही बदलतो. पट्टा फ्रेमगणिक जागा बदलत असेल आणि १/५०ला नाहीसा होत असेल, तर दोष दिव्याचा. उन्हातही जागेवरच राहिला तर कॅमेऱ्याचा.

डी७५० बाबत एक गोष्ट विसरू नका. काही बॉड्यांच्या शटरमुळे फोटोच्या एका भागावर सावली पडत असे. निकॉनने २०१५ मध्ये ते जाहीर केलं आणि २०१६ व २०१७ मध्ये यादी वाढवली. सिरीयल नंबर निकॉनच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सुरुवातीच्या बॉड्यांमध्ये फ्लेअरचाही (प्रखर उजेडाने फोटोत नको ती चमक येण्याचा) दोष होता. ट्रायपॉडच्या भोकात काळा ठिपका असेल तर तो प्रश्न मिटलेला आहे. खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि एक्झिफमधला नंबर एकच आहे ना, तेही तिथेच जुळवा.

दांडियाबाजार
सूरसागरकाकांनी शटरचं नीट सांगितलंय. मी फोकसचं सांगते, कारण गरब्यात फोटो वाया जातो तो बहुतेक फोकसमुळेच.

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करणारा सेन्सर वेगळा असतो आणि त्याला प्रकाश मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून मिळतो. कॅमेरा आपटला, आरसा केसभर हलला, की फोकस पुढेमागे जातो. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. ८५ एमएम असेल तर साधारण अडीच-तीन मीटरवर छापील मजकुराचा सपाट कागद समोर ठेवा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं. आधी लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करून फोटो काढा, मग व्ह्यूफाइंडरने पाच. प्रत्येक वेळी लेन्स आधी अनंतावर फिरवून घ्या, नाहीतर पहिलाच फोकस पाचही वेळा मोजाल. व्ह्यूफाइंडरचे पाचही सारखेच पुढे असतील तर मेनूतून सुधारता येतात, दोन्ही कॅमेऱ्यांत −२० ते +२० सोय आहे. पाचही वेगवेगळे पडले तर सुधारणा नाही, सोडून द्या. दुसऱ्या लेन्सलाही त्याच दिशेने चूक आली तर दोष बॉडीत. एकाच लेन्सला आली तर लेन्समध्ये.

मधला पॉइंट बरोबर म्हणून समाधान मानू नका. डावा आणि उजवा टोकाचा पॉइंटही याच पद्धतीने बघा. दोन बाजूंत फरक आला तर आरसा किंवा माउंट तिरकं आहे. शेवटी खोलीतले दिवे मंद करून हीच चाचणी पुन्हा करा. पिवळ्या दिव्याखाली काही बॉड्या वेगळ्या वागतात, आणि तुम्हाला काम रात्रीच करायचंय.

सेन्सरसाठी एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट वाढवा. धूळ असेल तर डाग दिसतील. फोटोत वर डावीकडे असलेला डाग सेन्सरकडे समोरून पाहिलं तर खाली डावीकडे असतो. धूळ ब्लोअरने जाते. धारदार कडांचा, सरळ रेघेसारखा डाग जात नसेल तर ओरखडा समजा. मग लेन्सवर झाकण, ३० सेकंद, नॉइज रिडक्शन बंद. थोडे रंगीत ठिपके चालतात, अख्खी रांग किंवा उभी रेघ चालत नाही.

मांडवीकर
ताई, काका, मनापासून आभार. कार्डाचे खाने, फ्लॅश वगैरे बघायला लागतील का? आणि यातला कुठला?

दांडियाबाजार
लागतील. ५डी मार्क ४ मध्ये सीएफ कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून सगळ्या पिना सरळ आहेत का बघा. एक वाकलेली असेल तर खर्च मोठा. डी७५० चे दोन्ही एसडी खाने बॅकअपवर ठेवून फोटो दोन्हीकडे उतरतो का बघा. स्क्रीन लाइव्ह व्ह्यूमध्ये वरखाली हलवा. चित्र लुकलुकलं तर आतली वायरची पट्टी तुटायला आलीय. फ्लॅश थेट हॉट-शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत) लावून १/२००ला फोटो काढा, रेडिओ ट्रिगरने नको, त्याच्या उशिराचा पट्टा शटरच्या माथी जातो. निकॉनच्या मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ४ आलं की नवी घ्या.

सूरसागर
निवडीचं सांगतो. डी७५० फोटोसाठी दिव्याच्या लुकलुकीशी जुळवून घेत नाही. ५डी मार्क ४ मध्ये ती सोय आहे, म्हणून मैदानावर १/२५०ला लागोपाठ काढलेल्या फ्रेम सारख्या उजळ येतात. सगळ्या एलईडींवर तिचा उपयोग होत नाही, पण जिथे होतो तिथे जन्माची कटकट वाचते. लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओतला फोकसही कॅननचा बराच चांगला. याउलट चांपानेरच्या जामी मशिदीत, जाळीतून ऊन आणि आत काळोख, अशा ठिकाणी डी७५० ची आयएसओ १००ची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) उजळली तरी सावल्या स्वच्छ राहतात. डी७५० १/४०००वर थांबतो, म्हणून दुपारी एफ/१.८ला फोटो एक स्टॉप जास्त उजळ येतो. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) ठेवावा लागेल.

तुमचं काम गरब्याचं, म्हणून फोकसच्या चाचणीत उतरला तर माझं मत कॅननला. मात्र निकॉनच्या लेन्सा आधीच घरात असतील तर डी७५०.

मांडवीकर
लेन्स एकही नाही, कॅननच बघतो. काउंट वाचायला केबल कुठली?

सूरसागर
रुंद, दोन भाग असलेली मायक्रो-बी. पोर्टेबल हार्डडिस्कला लागते तीच.