अ‍ॅलर्जी धुळीची, मग फोडणीनेही शिंका का येतात?

कृष्णाकाठ_वाई
मी वाईला शाळेत शिकवते, वय ४६. गणपतीआधी माळ्यावरून मखराचं सामान काढलं की माझ्या शिंका सुरू होतात, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. टेस्टमध्ये धुळीतल्या माइटची (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) अ‍ॅलर्जी निघाली. तेवढं समजलं. पण दोन वर्षांपासून मिरचीची फोडणी, उदबत्ती, पहाटेचा गार वारा, फळ्याचा खडू, कशानेही नाक गळायला लागतं. यातलं टेस्टमध्ये काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी रोजचा स्टिरॉइड स्प्रे दिला होता. चार दिवस मारला, फरक वाटेना, शिवाय रुमालावर रक्ताचे ठिपके दिसले म्हणून सोडला. आता रात्री नाक मोकळं करायचे थेंब घालते. अ‍ॅलर्जी वाढत चाललीय का?

जुनी_प्रयोगशाळा
ताई, मी २२ वर्षं मेडिकलच्या मुलांना फिजिओलॉजी शिकवली. त्यात नाकाचं अस्तर हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांच्या नाकात पुढच्या बाजूला सॅकरिनचा कण ठेवायला लावायचो आणि घड्याळ लावायचो. घशात गोड लागलं की हात वर. निरोगी नाकात साधारण वीस मिनिटांच्या आत गोड लागतं, कारण अस्तरावरचे बारीक केस शेंबडाचा थर मिनिटाला काही मिलिमीटर घशाकडे ढकलत असतात. धूळ त्यात चिकटते आणि पोटात जाते. ही पहिली राखण.

दुसरी राखण त्या थराखाली. अस्तराच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेल्या असतात, गोधडीचे तुकडे शिवावेत तशा. त्यातलं एक प्रथिन म्हणजे ऑक्लुडिन. माइटच्या विष्ठेत एक पाचक विकर असतं, ते हेच टाके कुरतडतं. फटीतून माइटचे कण आत शिरतात, आतल्या पेशी चिडून हिस्टामिन, आयएल-४, आयएल-१३ अशी रसायनं सोडतात, आणि ती रसायनं उरलेले टाकेही सैल करतात. म्हणजे ज्या भिंतीने अ‍ॅलर्जी अडवायची, ती भिंतच अ‍ॅलर्जीने उसवते.

तुमच्या फोडणीचं उत्तर इथेच आहे. सुजलेल्या अस्तरातले मज्जातंतू हळवे होतात, आणि उसवलेल्या अस्तरातून धूर त्यांच्यापर्यंत सहज पोचतो. याला अ‍ॅलर्जीच्या अँटिबॉडी लागत नाहीत, म्हणून टेस्टमध्ये काही दिसत नाही. मिरचीची नवी अ‍ॅलर्जी झालेली नाही, ताई.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये माइटच्या रुग्णांच्या अस्तरात ऑक्लुडिन कमी असल्याचं दाखवलं. स्टिरॉइड स्प्रेने ही भिंत सुधारते, असंही त्यांना दिसलं. पण टाके परत पडायला वेळ लागतो. चार दिवस फार थोडे. निदान दोन-तीन आठवडे नेमाने मारावा लागतो.

सह्याद्रीची_लेक
ते थेंब किती दिवस घालताय? मी पाच महिने घातले होते. शेवटी थेंबांनीच नाक चोंदायला लागलं. तीन ते पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात, हे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. सोडताना पहिला आठवडा बसून झोपले.

कृष्णाकाठ_वाई
आठ महिने झाले. वाचून धस्स झालं. आणि सर, रक्ताचं काय?

जुनी_प्रयोगशाळा
थेंबांचं आधी कानानाकघशाच्या डॉक्टरांना सांगा, ते सोडवण्याची रीत ठरवून देतील. रक्ताबद्दल एक विचारतो: उजव्या नाकपुडीत उजव्याच हाताने मारत होता का? तसं केलं की फवारा मधल्या पडद्यावर बसतो आणि तिथली नाजूक त्वचा सोलते. उजवीकडे डाव्या हाताने, डावीकडे उजव्या हाताने मारायचा. टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, मान किंचित खाली, जोराने ओढायचं नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं थेट कधीच नाही. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात.

कृष्णाकाठ_वाई
उजव्याच हाताने मारत होते, सर. सोमवारी डॉक्टरांकडे जातेय, थेंबांची बाटली सोबत घेऊन. यंदा माळ्यावर मुलगा चढेल.