रिपोर्ट नॉर्मल असले तरी दुखणं खरंच असतं
सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोट दुखायचं थांबत नाही, मग हे मनाचे खेळ आहेत का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाहीत! आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्यांचा जुनाट त्रास) आतड्यांच्या नसा जास्त संवेदनशील झालेल्या असतात. इतरांना जाणवणारही नाही एवढ्याशा गॅसने आपल्याला कळ येते, आणि सोनोग्राफीत हे दिसत नाही. मी ११ वर्षं भोगतेय. डावीकडे खाली पिळवटल्यासारखं होतं, शौचाला जाऊन आलं की जरा सैल पडतं आणि पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटतं.

मला वहीत नोंदी ठेवण्याचा फार उपयोग झाला: काय खाल्लं, झोप किती, पाळी कधी. माझ्या बाबतीत कांदा-लसूण वैरी निघाले. पण पथ्य आहारतज्ज्ञांना विचारूनच करा. काही आठवडे बंद करून एकेक पदार्थ परत सुरू करायचा असतो, कायमचा सोडायचा नसतो (मी सोडत गेले आणि अशक्तपणा आला). कोंड्याने पोट आणखी फुगायचं, इसबगोल मात्र मानवलं.

शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, दुखण्याने रात्री जाग येणं, यातलं काही असेल तर आयबीएसच आहे म्हणून गप्प बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.