मदत हवी आहे: शटडाउनमध्ये अडकलेलं गणवेशधारी सेवेतलं निवृत्तिवेतन, दावा कुठे आणि कशासाठी लावायचा?

मेपल_सावली:
नमस्कार. अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसच्या कमिशन्ड कोअरमधून निवृत्त झालेले डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स आणि त्यांच्या घरच्यांसाठी मराठीत एक टिपण तयार करायचं आहे. कायदा जाणणाऱ्यांची मदत हवी आहे.

१. शटडाउनमध्ये, म्हणजे काँग्रेसची खर्चमंजुरी संपून सरकारी कामकाज थांबतं तेव्हा, आर्मी-नेव्हीच्या निवृत्तांचे पैसे वेळेवर येतात, मग पब्लिक हेल्थ सर्व्हिस आणि नोआ (समुद्र-हवामान संस्था) कोअरच्या निवृत्तांवरच टांगती तलवार का?
२. एखाद्या महिन्याचं वेतन आलंच नाही तर दावा कोणत्या कोर्टात लावायचा? खर्च किती येतो?
३. पैसे उशिरा मिळाले तर व्याज मिळतं का? हप्ते चुकल्याचा दंड सरकारकडून भरून मिळतो का?
४. सामूहिक खटल्याच्या नावाने "क्लास अ‍ॅक्शनमध्ये नाव घालतो, आधी फी भरा" असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आहेत. भरावी का?

कलम_कानू:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं तर बाकीची निम्मी उत्तरं त्यातच आहेत, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेच्या कायद्यात गणवेशधारी सेवा आठ: सहा सशस्त्र दलं, शिवाय पब्लिक हेल्थ सर्व्हिसचं कमिशन्ड कोअर आणि नोआचं कमिशन्ड कोअर. हुद्दे, वेतनश्रेणी, निवृत्तीची सूत्रं जवळजवळ सारखीच. पण पैसा येतो तो वेगवेगळ्या तिजोऱ्यांतून. संरक्षण खात्याच्या निवृत्तांचं वेतन मिलिटरी रिटायरमेंट फंडातून निघतं. १९८४ पासून चालू असलेल्या या फंडातून पैसे देण्यासाठी काँग्रेसची दरवर्षीची मंजुरी लागत नाही, म्हणून बजेट अडलं तरी त्यांचे पैसे अडत नाहीत.

पब्लिक हेल्थ सर्व्हिसच्या निवृत्तांसाठी आरोग्य खात्याच्या वार्षिक खर्चमंजुरी कायद्यात वेगळी ओळ असते, "त्या आर्थिक वर्षात लागेल तेवढी रक्कम" अशा शब्दांत. नोआसाठी वाणिज्य खात्याच्या कायद्यात तरतूद असते. म्हणजे देणं सक्तीचं, पण पैसे काढायची परवानगी दरवर्षी नव्याने घ्यायची. ती संपली की अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्ट आडवा येतो. मंजुरी नसताना पैसे देणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध या कायद्याखाली कारवाई होऊ शकते.

आता यातली खरी मेख. तात्पुरत्या खर्चमंजुरीच्या कायद्यांत, ज्यांना कंटिन्युइंग रिझोल्यूशन म्हणतात, बहुधा एक कलम असतं: महिन्याच्या १ तारखेच्या आसपास देय असलेली सक्तीची देणी, मंजुरी संपल्यापासून ३० दिवसांपर्यंत देता येतील. म्हणून शटडाउन सुरू झाल्याबरोबर निवृत्तांना झळ लागत नाही. २०१८ मध्ये मंजुरी २१ डिसेंबरला संपली. जानेवारीच्या सुरुवातीचं निवृत्तिवेतन या ३० दिवसांत बसत होतं, फेब्रुवारीच्या सुरुवातीचं बसत नव्हतं. २५ जानेवारी २०१९ ला शटडाउन मिटलं म्हणून निभावलं. कोस्ट गार्डच्या कार्यरत जवानांचा १५ जानेवारीचा पगार मात्र चुकला, कारण तो या कलमात येतच नाही.

तेव्हा टिपणात पहिलं वाक्य हेच घाला: शटडाउन किती दिवसांचं आहे ते नंतर बघा, आधी मंजुरी कोणत्या तारखेला संपली आणि संपलेल्या कायद्यात हे कलम कोणत्या शब्दांत आहे ते बघा.

खलाशी:
जोड देतो. "काँग्रेसने सैनिकांच्या पगाराचा वेगळा कायदा केलाय, आता काळजी नाही" असं ऐकलं तर तो कायदा उघडून वाचा. २०१३ च्या शटडाउनआधी झालेला पे अवर मिलिटरी अ‍ॅक्ट सशस्त्र दलांचे कार्यरत जवान आणि त्यांना मदत करणारे काही नागरी कर्मचारी व कंत्राटदार यांच्या पैशांपुरता होता. त्यात कोस्ट गार्ड येत होतं, पब्लिक हेल्थ सर्व्हिस आणि नोआ येत नव्हते, निवृत्त तर नाहीतच. तसंच जानेवारी २०१९ च्या फेअर ट्रीटमेंट अ‍ॅक्टने शटडाउननंतर मागचा पगार देण्याची जी हमी दिली ती कर्मचाऱ्यांसाठी आहे. निवृत्तांचा हक्क त्या कायद्यावर उभा नाही, त्यांच्या मूळ निवृत्तीच्या कायद्यावर उभा आहे. पब्लिक हेल्थ सर्व्हिससाठी ते कलम अमेरिकी कायदेसंहितेच्या शीर्षक ४२ मधलं २१२.

कलम_कानू:
दुसरा प्रश्न. मुख्य रस्ता म्हणजे टकर अ‍ॅक्टखाली (केंद्र सरकारकडून पैसे मागण्याच्या दाव्यांचा कायदा) वॉशिंग्टनमधल्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये दावा. फी ४०५ डॉलर, ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. स्वतःचा दावा स्वतः चालवता येतो, पण वकिलाशिवाय इतरांच्या वतीने क्लास अ‍ॅक्शन चालवता येत नाही. मुदत ६ वर्षं, आणि ती ज्या तारखेला पैसे यायला हवे होते तिथपासून मोजायची.

रक्कम १०,००० डॉलरच्या आत असेल तर 'लिटल टकर अ‍ॅक्ट'खाली जवळच्या फेडरल जिल्हा न्यायालयातही जाता येतं. एका महिन्याचं निवृत्तिवेतन बहुतेकांचं यात बसतं. अपील मात्र दोन्हीकडून फेडरल सर्किट या अपील न्यायालयाकडेच जातं.

"मंजुरीच नाही तर कोर्ट पैसे देईल कुठून?" ही शंका रास्त आहे, पण हक्काच्या बाजूने कायदा भक्कम आहे. १८८६ च्या लँगस्टन खटल्यात हैतीतल्या अमेरिकी राजदूताचा पगार कायद्याने ७,५०० डॉलर ठरलेला होता आणि काँग्रेसने मंजूर केले फक्त ५,०००. सर्वोच्च न्यायालयाने त्याला फरक द्यायला लावला, कारण कमी मंजुरी दिल्याने मूळ कायदा रद्द होत नाही. २०२० मध्ये मेन कम्युनिटी हेल्थ ऑप्शन्सच्या खटल्यात तेच तत्त्व ८ विरुद्ध १ मतांनी पुन्हा ठामपणे सांगितलं गेलं: कायद्याने देणं तयार होतं, मंजुरी नसली तरी ते देणंच राहतं. आणि निकाल लागला की पैसे जजमेंट फंडातून येतात. त्याला कायमची मंजुरी आहे.

मेपल_सावली:
म्हणजे दावा लावला तर जिंकणारच की? मग आजवर सगळ्यांनी लावून का नाही टाकला?

आकडेमोड:
ताई, कारण वेळ. दावा दाखल झाल्यावर उत्तर द्यायला सरकारला ६० दिवस मिळतात. शटडाउनमध्ये न्याय खात्याचे दिवाणी वकीलच घरी असतात, त्यामुळे ते स्थगिती मागतात आणि ती सहसा मिळते. २०२५ चं शटडाउन १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, ४३ दिवस चाललं. म्हणजे सरकारचं पहिलं उत्तर यायच्या आत मंजुरी परत येते, थकलेली रक्कम खात्यात जमा होते आणि मुद्दलाचा दावा निकालात निघतो. कोर्टासमोर उरतो फक्त उशीर.

आणि उशिराचे पैसे मिळत नाहीत. हे कडू आहे, पण टिपणात स्पष्ट लिहा. सरकारविरुद्धच्या दाव्यात व्याज फक्त करारात किंवा कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच मिळतं. निवृत्तिवेतनाच्या कायद्यात तसं लिहिलेलं नाही. बॅक पे अ‍ॅक्टमध्ये व्याज आहे, पण तो नागरी कर्मचाऱ्यांचा कायदा आहे. क्रेडिट कार्डचा दंड, घराच्या हप्त्यावरचं विलंब शुल्क, औषधासाठी मोडलेली ठेव, यांची भरपाई टकर अ‍ॅक्टच्या दाव्यात मिळत नाही. कोर्ट कायद्याने ठरलेली रक्कम देतं, तिच्या उशिराने झालेलं नुकसान देत नाही.

दुपारचा_चहा:
पण २०१३ च्या शटडाउननंतर फेडरल कर्मचाऱ्यांनी दुप्पट भरपाई जिंकली होती ना? मार्टिन खटला?

कलम_कानू:
जिंकली होती, पण खालच्या कोर्टात. तो दावा फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टखाली होता: शटडाउनमध्ये कामावर बोलावलेल्यांना पगाराच्या दिवशी किमान वेतन आणि ओव्हरटाइम दिला नाही, म्हणून तेवढीच जादा रक्कम द्या. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सने २०१४ आणि २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिले. पुढे ३० नोव्हेंबर २०२२ ला फेडरल सर्किटने मार्टिन आणि अव्हालोस या दोन्ही प्रकरणांत उलटा निकाल दिला: अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्टमुळे पैसे रोखले असतील तर वेळेवर पैसे देण्याच्या बंधनाचा भंग होत नाही.

निवृत्तांना तो रस्ता तसाही नव्हता, कारण तो कायदा काम करणाऱ्यांसाठी आहे. पण अव्हालोसमधला तर्क सरकारी वकील निवृत्तांच्या दाव्यातही उशिराच्या मुद्द्यावर पुढे करणार हे धरून चाला. २०१४ च्या मार्टिनचे कौतुक करणारे जुने लेख इंटरनेटवर अजून पहिल्या पानावर दिसतात. फी मागणाऱ्यांच्या निरोपातही त्याच निकालाचा दाखला असेल तर तिथेच थांबा.

खलाशी:
चौथ्या प्रश्नावर माझं मत स्वच्छ आहे: आगाऊ फी भरू नका. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समधली क्लास अ‍ॅक्शन 'नाव दिलं तरच सामील' अशी असते. कोर्टाने क्लास मंजूर केला की कोर्टाने तपासलेली नोटीस येते, मग अर्ज भरून सामील व्हायचं. त्याआधी कोणी नाव घालून देऊ शकत नाही. जिल्हा न्यायालयात उलट असतं. तिथे पैशांच्या दाव्याचा क्लास मंजूर झाला की तुम्ही आपोआप आत असता, नको असेल तर बाहेर पडायचं. दोन्हीकडे आधी पैसे भरण्याचं काही काम नाही. खटला खरा असेल तर त्याला क्रमांक असतो. तो मागा आणि कोर्टाच्या पेसर प्रणालीत स्वतः बघा.

वकिलाच्या फीबद्दल: इक्वल अ‍ॅक्सेस टू जस्टिस अ‍ॅक्टखाली, निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलरच्या आत असलेल्या व्यक्तीला, खटला जिंकल्यावर आणि सरकारची भूमिका समर्थनीय नव्हती असं ठरल्यावर फी मिळू शकते. पण सरकारने निकालाआधीच पैसे दिले तर 'जिंकलो' हे दाखवणं फार अवघड होतं.

दुपारचा_चहा:
जून २०२५ च्या सोटो निकालाने ६ वर्षांची मुदत गेली असंही वाचलं.

कलम_कानू:
नाही. सोटो फक्त युद्धसंबंधित अपंगत्वाच्या विशेष भरपाईबद्दल आहे. त्या कायद्यात दावे निकाली काढायची स्वतःची पद्धत आहे, म्हणून सरकारवरच्या दाव्यांना ६ वर्षांची मर्यादा घालणाऱ्या बार्रिंग अ‍ॅक्टची मुदत तिथे लागू होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. साध्या निवृत्तिवेतनाला ६ वर्षं आहेतच. आणखी एक धोका: खात्याकडे अर्ज देऊन उत्तराची वाट बघत बसल्याने कोर्टाची मुदत थांबत नाही. २००३ च्या मार्टिनेझ निकालात लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाच्या बाबतीत हे पक्कं झालं आहे.

आकडेमोड:
आता त्या महिन्यात घर कसं चालवायचं ते. माझ्या मते टिपणात हाच भाग सगळ्यात जास्त उपयोगाचा ठरेल.

निवृत्तिवेतन अडलं की त्यातून परस्पर जाणाऱ्या रकमाही अडतात, आणि खरी पडझड तिथे होते. ट्रायकेअर या आरोग्य विम्याच्या प्राइम किंवा सिलेक्ट योजनेचं वार्षिक शुल्क वेतनातून कापलं जात असेल तर 'कुठवर भरलेलं आहे' ती तारीख लगेच विचारून घ्या आणि कार्डाने किंवा बँकेतून थेट भरा. ती तारीख उलटली तर नाव कमी होतं आणि पुन्हा चालू करण्याची मुदत मर्यादित असते. दात-डोळ्यांचा विमा बेनफेड्समार्फत असेल तर तिथेही तसंच. ट्रायकेअर फॉर लाइफला वेगळं शुल्क नाही, त्याला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बी लागतं. ते बहुतेकांच्या सोशल सिक्युरिटीतून कापलं जातं आणि सोशल सिक्युरिटी शटडाउनमध्ये चालू राहते. व्हेटरन्स खात्याची अपंगत्व भरपाई वेगळ्या मंजुरीतून येते, ती या निवृत्तिवेतनाबरोबर थांबत नाही.

निवृत्ताच्या मृत्यूनंतर कुटुंबाला पैसे देणाऱ्या सर्व्हायव्हर बेनिफिट प्लॅनचा हप्ता वेतनातूनच जातो. वेतन परत आलं की पहिल्या पावतीत तो एकदाच आणि बरोबर कापला आहे ना ते पडताळा. त्याच योजनेखाली पैसे मिळणाऱ्या विधवा-विधुरांनाही विसरू नका. याच दोन सेवांतल्या कुटुंबांचा तो पैसाही वार्षिक मंजुरीवरच अवलंबून असतो आणि पुष्कळदा घरात तेवढंच उत्पन्न असतं. घटस्फोटाच्या आदेशानुसार माजी जोडीदाराला जाणारा वाटा असेल तर त्यांना आधीच लेखी कळवून ठेवा.

कागद जपायचे ते असे: चुकलेल्या महिन्याच्या आधीची आणि नंतरची वेतनपावती, वेतन कार्यालयाची सूचना, बँकेचं विवरण, आणि पैसे जमा झाल्याची तारीख. शटडाउन डिसेंबर-जानेवारीत आलं तर १०९९-आर या कर-फॉर्मवर रक्कम कोणत्या वर्षात धरली आहे तेही बघा. कर हाती आलेल्या वर्षात लागतो.

मेपल_सावली:
सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे थकलेली रक्कम खरोखरच अडून राहिली तरच पैशांचा दावा, बरोबर? उशीर टाळण्यासाठी कोर्टाकडून आधीच आदेश मिळू शकत नाही का?

कलम_कानू:
बरोबर. कोणाची रक्कम कमी आली, कोणाची आलीच नाही, कापाकापी चुकली, तर दावा जिवंत आहे आणि तो लावावा. आधी वेतन कार्यालयाला लेखी, मग संरक्षण खात्याच्या सुनावणी-अपील कार्यालयाकडे (गणवेशधारी सेवांच्या निवृत्तिवेतनाचे प्रशासकीय दावे शीर्षक ३१ च्या कलम ३७०२ खाली तिकडे जातात) किंवा सरळ कोर्टात.

आधीच आदेश हवा असेल तर जिल्हा न्यायालयात प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याखाली जावं लागेल. तिथे पहिली अडचण म्हणजे सरकार म्हणणार, "पैशांसाठी टकर अ‍ॅक्टचा रस्ता आहे, मग इकडे का?" आणि दुसरी म्हणजे मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसे काढायला राज्यघटनेतच मनाई आहे. मात्र ३० दिवसांचं ते कलम लागू असताना खात्याने पैसे रोखले, तर चित्र बदलतं. मग मंजुरी असूनही दिले नाहीत असा मुद्दा होतो, आणि तो मला खूपच मजबूत वाटतो.

म्हणून आपल्या खासदाराला पत्र लिहायचं तर "आमची पेन्शन वाचवा" एवढंच लिहू नका. दोनच मागण्या लिहा. एक, प्रत्येक तात्पुरत्या मंजुरीत १ तारखेच्या देण्यांचं कलम ३० दिवसांऐवजी शटडाउन संपेपर्यंत लागू करा. दोन, पब्लिक हेल्थ सर्व्हिस आणि नोआच्या निवृत्तांना कायम मंजुरी असलेल्या फंडात घ्या.

खलाशी:
एक राहिलं. अडकलेल्या काळात निवृत्त व्यक्तीचं निधन झालं तर थकलेले पैसे आपोआप वारसाच्या खात्यात जात नाहीत. एसएफ ११७४ हा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसाची बँक माहिती वेतन कार्यालयाकडे पाठवावी लागते. निवृत्ताने थकबाकीचा लाभार्थी नोंदवला असेल तर आधी त्याचा हक्क, म्हणून ती नोंद आजच तपासायला सांगा.