ज्यांच्यावर मोर्चा निघत नाही अशा तक्रारी: तुमच्या कोणत्या?

खड्डे, पाणीकपात, महागाई, ट्रॅफिक हे विषय इथे नकोत. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रं आहेत, निवडणुका आहेत. इथे हव्यात त्या तक्रारी, ज्या घरात बोलून दाखवल्या तर "तुला दुसरे उद्योग नाहीत का?" एवढंच ऐकायला मिळतं. अटी दोनच. कंपनी, बँक, दुकान कुणाचंही नाव घ्यायचं नाही. आणि उपाय सुचवायचे नाहीत. उपाय आम्हालाही माहीत असतात.

माझ्यापासून सुरुवात. औषधाची पट्टी. केमिस्टकडे चार गोळ्या मागितल्या की तो कात्रीनं पट्टी कापतो आणि नेमका तारखेचा कोपरा स्वतःकडे ठेवतो. पुढे कधीतरी औषधांच्या डब्यात दोन गोळ्या सापडतात. पाठीवर इंग्रजी अक्षरांचं अर्धं शेपूट. गोळी तापाची की पित्ताची तेही कळत नाही, कधीपर्यंतची हे तर दूरच. एकदा म्हटलं, तारखेची बाजू मला द्या. तर म्हणाला, "मग उरलेली पट्टी मी कुणाला विकू?" त्याचंही बरोबर आहे, म्हणून तर जास्त चिडचिड होते. भांडायला माणूसच उरत नाही.

चला, करा सुरू.

निळा रेनकोट, पुणे

माझ्या स्कूटरचा हेडलाईट. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. बंद करायला बटणच नाही. पण पुण्यातल्या परोपकारी जनतेपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. भर दुपारी समोरून येणारा प्रत्येक तिसरा माणूस पंजा उंचावून बोटांची उघडझाप करून दाखवतो. पूर्वी मी हसून मान डोलवायचे. मग लोकांना वाटायचं, समजलं तरी बंद करत नाही, काय माजोरडी बाई आहे. आता मी सरळ "बंद होत नाहीऽ" असं ओरडते. परवा सिग्नलला एक आजोबा मुद्दाम शेजारी येऊन थांबले आणि शांतपणे म्हणाले, "होत नसेल तर मेकॅनिकला दाखवावं. बॅटरी उतरते."

आळशी मांजर, नाशिक

@निळा रेनकोट, दिवसा हात दाखवणारे परवडले. रात्री समोरून अप्पर मारत येणाऱ्यांचं काय करायचं? तो पांढराफटक लाईट डोळ्यांत गेला की पुढची दहा पावलं नुसती श्रद्धेवर गाडी चालते. आपण डिप्पर देऊन विनंती करावी, तर समोरचा त्याला आव्हान समजतो.

फोडणी, डोंबिवली

लोकलमध्ये इअरफोन न लावता रील बघणारे. यावर सगळेच बोलतात, पण माझी तक्रार आवाजाची नाहीच. आवाजाची सवय झाली. माझी तक्रार अशी आहे की, एकही रील पूर्ण ऐकायला मिळत नाही. काल शेजारच्या ताईंच्या फोनवर एक बाई बांगड्याचं तिखलं करत होत्या. वाटण झालं, हळद झाली, "आणि आता यात घालायची ती खास गोष्ट..." म्हणाल्या आणि ताईंचं बोट वर सरकलं. तिरफळ असणार. पण असणार म्हणजे काय, ऐकायला नको का? दिव्यापासून घाटकोपरपर्यंत त्याच विचारात. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, "कोणती? मी कुठे बघत होते!"

केमिस्टभाऊ, सोलापूर

मूळ तक्रारीला उत्तर देतो, उपाय नाही, त्यामुळे अट मोडत नाही. तारीख आणि बॅच नंबर बहुतेक पट्ट्यांवर एकाच टोकाला असतात. म्हणून आम्ही उलट्या टोकापासून कापत येतो, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत तारीख शाबूत राहते. सुरुवातीलाच ते टोक देऊन टाकलं तर उरलेल्या गोळ्या अनाथ. आता माझा वैताग ऐका. चिठ्ठी म्हणून लोक फोटो दाखवतात. काच तडकलेली, फोटो तिरका, डॉक्टरांचं अक्षर तसलं, आणि मी झूम करायला बोट लावलं की आधीचा फोटो उघडतो. तो असतो लग्नाच्या जेवणाचा. मागे पाचजण उभे, आणि आम्ही दोघं मिळून जिलेबी बघतोय.

माणदेशी, सातारा जिल्हा

हे बारीकसारीकात बसतं का माहीत नाही, तरी लिहितो. आईला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. २०१४ पासून तो डिजिटल झाला, म्हणजे अंगठा लावायचा की झालं. सोय चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण आईचा अंगठा उमटत नाही. जन्मभर राखेनं भांडी घासली, शेणानं सारवलं, खुरपणी केली. रेषा राहिल्यात कुठे? सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, "आजी, हात धुऊन या." आई धुऊन येते. मग म्हणतो, फार ओला झाला, पुसा. पुसला, तर म्हणतो कोरडा पडला, जरा केसांवरून फिरवा. मग दुसरं बोट, तिसरं बोट. रेशन दुकानात हाच खेळ, फक्त तिथला माणूस फुंकर मारायला सांगतो. प्रत्येकाचं शास्त्र वेगळं.

२०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो, म्हणून गेल्या वर्षी मोबाईलवर घरीच करायला बसलो. त्यात डोळ्यांची उघडझाप करायची असते, समोर जिवंत माणूस आहे की फोटो हे कळावं म्हणून. मी म्हटलं, "आई, डोळे मिट." आईनं मिटले ते मिटलेच, देवापुढे बसल्यासारखे, वर हातही जोडले. "आता उघड." तर उघडून माझ्याकडे बघायला लागली. "माझ्याकडं नगं, फोनकडं बघ." फोनकडं बघितलं, तर पापणी लवेना. शेजारची पोरं गोळा झाली आणि एका सुरात "मिट, उघड, मिट, उघड" सुरू. झाला एकदाचा. आई पदर सावरत म्हणाली, "म्या हाय जिती, हे त्या डबड्याला पटलं व्हय?"

खडीसाखर, ठाणे

आमच्या बिल्डिंगला जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. कुणी दार नीट ओढलं नाही की ती बाई सुरू होते, "कृपया दरवाजा बंद करें." पाचव्या मजल्यावर दार उघडं राहिलं की पाचव्या मजल्यावर कुणाला ऐकू येत नाही, तळमजल्यावरच्या आम्हाला बरोबर येतं. आदरानं बोलते म्हणून जास्त राग येतो.

राजेहो, नागपूर

उन्हाळ्यातली दुपार, कूलरसमोर पाठ टेकली, डोळा लागायला आला, की फोन वाजलाच समजा. "सर, आपके नाम से प्री-अप्रूव्ड लोन..." नियमानं जाहिरातीचा फोन १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला पाहिजे आणि बँकेचा कामाचा फोन १६०० वरून. १४० दिसलं की माणूस उचलत नाही, हे त्यांनाही समजते ना बाप्पा. म्हणून साध्या दहा आकडी मोबाईलवरून लावतात. डीएनडीत नंबर टाकून ठेवलाय, पण फोन यायचे ते येऊनच राहिले. एक पोरगी तर रागावली माझ्यावर. "सर, मागच्या वेळी तुम्ही म्हणाले होते, नंतर करा!" आता तिला काय सांगू, वैदर्भीय माणूस 'नंतर' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असते.

खरी गंमत पुढे आहे. गेल्या महिन्यात बँकेतून खरोखरच कामाचा फोन आला. मी झापून ठेवून दिला. कार्ड बंद झालं.

माजी टेलर, मिरज

बँकेत काउंटरवर नोकरी केली, आता काउंटरच्या बाहेर उभा राहतो, त्यामुळे दोन्हीकडचं बोलू शकतो. आमच्या वेळी माणूस पासबुक सरकवायचा, आम्ही भरून द्यायचो, कधी वसकन अंगावरही जायचो, पण काम आमचं होतं. आता पासबुक छापायला यंत्र. त्यात पान बरोबर उघडून घालायचं, बारकोडचा स्टिकर सरळ हवा, नाहीतर ते जीभ बाहेर काढल्यासारखं पासबुक परत ढकलतं. मागची ओळ आपल्यावर चरफडते. म्हणजे कारकून मी, गिऱ्हाईक मी, आणि शिव्या खाणाराही मीच.

विचार केला तर या सगळ्या कटकटींत हे एक सूत्र दिसतं मला. पूर्वी जे काम समोरचा करायचा, ते हळूच आपल्या अंगावर आलंय. हॉटेलात मेनू आपल्याच फोनवर उघडायचा, मॉलमध्ये पिशवी घरून न्यायची, फॉर्म आपणच भरायचा, कागद आपणच स्कॅन करायचा. हेही चालेल. पण घरी पोचायच्या आत मेसेज येतो: आमची सेवा कशी वाटली? अहो, सेवा मी केली. मला विचारताय कसली, तुम्ही सांगा.

काजूबोंड, बार्देश, गोवा

आमच्या वाड्यावरचा रस्ता आमच्या घराशी संपतो. मॅपला ते मान्य नाही. त्याच्या मते आमच्या अंगणातून पलीकडे समुद्रावर जाता येतं. डिसेंबर लागला की भाड्याच्या गाड्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, एकामागून एक अंगणात. काच खाली होते, "भैया, बीच?" मी सांगतो, रस्ता नाही. ते फोनकडे बघतात, माझ्याकडे बघतात, परत फोनकडे बघतात. "लेकिन मॅप में तो है." समोर आमची पडवी, पडवीत बाबा वर्तमानपत्र वाचत बसलेले, तरी विश्वास फोनवरच. मग तुळशीवृंदावनाच्या भोवती गाडी वळवायचा सोहळा. जागा इतकीच आहे की पुढे-मागे, पुढे-मागे करत अख्खी प्रदक्षिणा पूर्ण होते. आईचं म्हणणं, पुण्य तरी लागत असेल त्यांना. मॅपवर दुरुस्ती पाठवली होती. काही दिवस शांतता होती. आता घराच्या मागच्या बाजूनं येतात.

मुक्काम श्टुटगार्ट

तुम्हा लोकांना लिफ्ट बोलते याचं दुःख, इथे बाटलीचं झाकण सुटत नाही. जुलै २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचं झाकण बाटलीला जोडलेलंच असावं लागतं, समुद्रकिनाऱ्यावर झाकणांचा कचरा होतो म्हणून. हेतू उत्तम. पण पाणी पिताना ते नाकाला खरवडतं आणि दूध ओतताना धार त्याच्यावर आपटून ओट्यावर जाते. आईबाबा आले होते तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं पिळून तोडून ठेवली. म्हणाले, "तुमच्याकडे माल फार कच्चा येतो हो. एकही झाकण नीट कापलेलं नाही."

रंकाळा, कोल्हापूर

पैसे दिल्याचा आवाज. २०१६ ला यूपीआय आलं, तेव्हा वाटलं सुट्ट्यांची कटकट मिटली. आता पैसे जातात, पण डबा बोलत नाही. मिसळ खाऊन झाली, फोनवर हिरवी खूण आली, मालकाला दाखवली, तरी त्याचं लक्ष डब्याकडं. "आवाज नाही आला." मग दोघं उभे. मी जाऊ शकत नाही, तो जाऊ देत नाही. माझ्यानंतरच्याचे पैसे डबा खणखणीत सांगतो, माझ्या वेळीच नेटवर्क झोपलेलं. रोख द्यावे म्हटलं, तर दहाचं नाणं नको म्हणतात काही ठिकाणी. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलंय की दहाची चौदाही प्रकारची नाणी चालतात. मी हे एका भाजीवाल्या मावशींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "मग बँकेलाच दे की भाजीचं पैसं."

खडीसाखर, ठाणे

अजून एक आठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "हाय" पाठवून गप्प बसणारे. काम काय ते लिहा ना! आपण "बोल" म्हटल्यावर तासभरानं "बिझी आहेस का?" येतं. आणि दुसरे ते, ज्यांचा मिस्ड कॉलनंतर फक्त "फोन कर" एवढाच मेसेज असतो. पोटात गोळा येतो. फोन केल्यावर कळतं, ढोकळ्यात सोडा किती घालायचा.

निवांत, अहिल्यानगर

सिलिंडर. गॅसचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे डिलिव्हरीचा ओटीपी त्यांच्या फोनवर. सासरे सकाळी देवळात, फोन सायलेंटवर, आणि सिलिंडरवाले दादा नेमके त्याच वेळी दारात. उचललाच फोन, तर चष्मा घरी. मग ते तिथल्या कुणाला तरी वाचायला देतात. मागच्या वेळी त्या गृहस्थांनी मोठ्या आत्मविश्वासानं आधीच्या सिलिंडरचा ओटीपी सांगितला. दादांनी चुकीचा म्हटल्यावर त्यांनी बुकिंगचा नंबर सांगितला, मग आलेल्या मेसेजची तारीख. "नाव बदलून घ्या की वहिनी," दादा दर वेळी सांगतात. कागद जमवलेत. नाव बदलायला गेले, तर तिथेही ओटीपी लागतो, तो सासऱ्यांच्याच फोनवर येतो. उरलेलं नंतर लिहिते, बेल वाजतेय.